चामड्याचे जाकीट: सुरकुत्या आणि आकार

भारताच्या बहुतेक भागांत चामड्याचे जाकीट वर्षातून जेमतेम दोन-तीन महिने अंगावर चढते. दिल्ली, लखनौ, अमृतसर या शहरांत डिसेंबर आणि जानेवारी हे त्याचे दिवस; सिमला, शिलाँग किंवा श्रीनगर येथे हा काळ काहीसा अधिक. मुंबई किंवा चेन्नईत राहणारा माणूस ते उत्तरेच्या प्रवासापुरतेच बाहेर काढतो. उरलेले महिने ते ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी, इतर कपड्यांच्या ओझ्याखाली घडी होऊन पडलेले असते. थंडी सुरू झाली की ते उघडले जाते आणि मग पाठीवरून आडव्या गेलेल्या रेघा, दुमडलेली कॉलर, चपटलेल्या बाह्या आणि खांद्यावर उठलेले टेंगूळ एकदम नजरेस येते.

अशा वेळी हात सहजच इस्त्रीकडे वळतो. सुती सदऱ्याची सुरकुती इस्त्रीने जाते, तेव्हा जाकिटाचीही जाईल, असा हा सरळ तर्क असतो. परंतु या तर्कात एक चूक आहे आणि ती भरून निघणारी नसते. सुरकुतलेले जाकीट आज ना उद्या सरळ करता येते. उष्णतेने आखडलेले जाकीट पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय नाही. असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम चामडे हा पदार्थ कसा घडलेला असतो, हे पाहिले पाहिजे. त्यानंतरचे सारे उपाय त्यातूनच ओघाने निघतात.

चामड्याची घडण

कापडात उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच एका पातळीत विणलेले असतात. चामड्याची वीण अशी सपाट नसते. त्यातील तंतू वर, खाली, आडवे, तिरपे अशा सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात आणि या गुंत्यातच चामड्याचा चिवटपणा असतो. हे तंतू ‘कोलॅजन’ या प्रथिनाचे बनलेले असतात. प्राण्यांची त्वचा, हाडे आणि कंडरा यांना बळकटी देणारे प्रथिन ते हेच.

कोलॅजनच्या रेणूची रचना उलगडण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली या रेणूची तीनपदरी रचना सुचवली. दोरी वळताना तीन पदर एकमेकांभोवती पिळावेत, त्याप्रमाणे कोलॅजनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. या अभ्यासासाठी लागणारी कांगारूच्या शेपटीतील कंडरा त्यांना मद्रासमधीलच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाली होती. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. जाकिटाच्या निगेचा विचार करतानाही हा तीन पदरांचा पीळ ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण जाकिटाचा आकार टिकतो तो या पिळाच्या आधारावर, आणि अतिउष्णतेने सुटतो तोही हाच पीळ.

कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर लाकडासारखे कडक होते. ते कमावल्यावरच त्याचे चामडे बनते. भारतात पूर्वापार वनस्पतींच्या साली आणि फळे वापरून कातडी कमावली जात. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा ही त्यांतील प्रमुख द्रव्ये होत. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच पद्धतीचे असते. जाकिटांसाठी मात्र बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले मेंढीचे, शेळीचे किंवा गाईचे चामडे वापरतात. ऑगस्टस शुल्ट्झ याने न्यूयॉर्कमध्ये १८८४ साली क्रोम पद्धतीचे एकस्व घेतले. १८९३ साली मार्टिन डेनिस याने तिचे अधिक सुटसुटीत रूप आणले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये तिचे प्रयोग सुरू केले. क्रोम चामडे मऊ, हलके आणि उष्णतेला अधिक टिकणारे असते.

कमावल्यानंतरही चामडे मऊ ठेवण्यासाठी त्यात तेल मुरवावे लागते. तेल आणि पाणी यांच्या दुधाळ मिश्रणात ते घोळवले म्हणजे तेलाचा सूक्ष्म अंश तंतूंमध्ये शिरतो आणि तंतू एकमेकांवरून सहज सरकू लागतात. शेवटी वरच्या बाजूस रंगाचा व संरक्षक लेप दिला जातो. अशा रीतीने जाकिटाच्या चामड्यात तंतू, ओलावा, तेल आणि लेप असे चार घटक असतात. सुरकुती काढताना या चारांपैकी एकालाही इजा पोहोचू द्यायची नसते.

पाणी आणि उष्णता

साधारण हवेत चामड्याच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास भाग पाण्याचा असतो. हवा दमट झाली की चामडे पाणी शोषून सैल पडते. हवा कोरडी झाली की पाणी सोडून ताठ होते. डफ वाजवणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. पावसाळ्यात डफाचे कातडे ढिले पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी तो जाळावर शेकून घेतात. शेकल्याने ओलावा उडतो आणि कातडे पुन्हा ताणले जाते. डफाला हे मानवते. कारण त्याचे कातडे कड्यावर चहूबाजूंनी जखडलेले असते आणि त्याला ताठपणाच हवा असतो. जाकिटाला हवा असतो तो याच्या उलट, म्हणजे मऊपणा.

उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की केवळ ओलावा उडून थांबत नाही. ओले कच्चे कातडे सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आखडू लागते. कोलॅजनचा तीनपदरी पीळ तेथे सुटू लागतो, तंतू आक्रसतात आणि कातडे पाहता पाहता लहान व जाड होते. वनस्पतींनी कमावलेल्या ओल्या चामड्याची ही मर्यादा सामान्यतः ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान असते. चांगले कमावलेले क्रोम चामडे मात्र उकळत्या पाण्यातही आखडत नाही. किंबहुना कमावणी पूर्ण झाली की नाही हे पाहण्यासाठी कारखान्यात त्याचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून पाहण्याची रीत आहे.

मग क्रोम चामड्याच्या जाकिटाला इस्त्रीची भीती का बाळगावी? याचे कारण असे की, इस्त्री ही उकळत्या पाण्याहून पुष्कळ अधिक तापलेली असते. कपड्यांवरील खुणांच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर सुमारे ११० अंश, दोन असतील तर सुमारे १५० अंश आणि तीन असतील तर सुमारे २०० अंश ही तापमानाची कमाल मर्यादा होय. सुती कापडाची इस्त्री या तिसऱ्या पायरीची असते. तिच्या स्पर्शाने लेप वितळून चिकटतो किंवा चकाकतो, तंतूंमधील तेल आणि पाणी निघून जाते, कॉलरच्या आतील चिकटवलेला थर सुटतो. चामडे ओलसर असेल तर आखडण्याचा धोका अधिकच वाढतो. कातडी पाण्यात उकळून सरस बनवतात, हे सर्वांना माहीत आहे. सरस म्हणजे पीळ सुटलेले कोलॅजनच. ओल्या चामड्यावर कडक इस्त्री फिरवणे हा त्याच वाटेवरचा प्रवास आहे, आणि सरसाचे पुन्हा कातडे होत नाही.

सुरकुती कोणत्या प्रकारची?

जाकिटावरील प्रत्येक रेघ काढून टाकण्याजोगी नसते. उपाय करण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखावे.

पहिला प्रकार नैसर्गिक रेघांचा. जनावराच्या मानेवरील वळ्या, शिरांच्या खुणा, भरलेल्या जखमांचे वण हे कातड्याच्या घडणीतच असतात. ते कोणत्याही उपायाने जात नाहीत आणि जाण्याची आवश्यकताही नसते.

दुसरा प्रकार वापराच्या सुरकुत्यांचा. कोपराच्या आतील बाजूस, काखेजवळ आणि कमरेशी त्या पडतात. हात वाकण्यासाठी चामड्याने करून घेतलेल्या या सोयी होत. त्या आज घालवल्या तरी उद्या तेथेच पुन्हा पडतील.

तिसरा प्रकार साठवणुकीच्या घड्यांचा. त्या सरळ, लांब आणि शरीराच्या हालचालींशी संबंध नसलेल्या जागी असतात. घडीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणलेले आणि आतल्या अंगाचे दबलेले राहतात. पावसाळ्यात ते ओलाव्याने सैल होऊन त्या स्थितीत सरकतात आणि पुढे हवा कोरडी झाली की तेथेच स्थिर होतात. पुढील सारे विवेचन मुख्यतः या प्रकाराविषयी आहे.

चौथा प्रकार भेगांचा. वरचा लेप किंवा चामड्याचा वरचा थर तडकला असेल तर ती सुरकुती नव्हे. बोटांनी हलकेच ताणल्यावर रेघेच्या तळाशी वेगळा रंग दिसला तर ती भेग समजावी. तेथे ओलावा किंवा वजन यांचा उपयोग नाही. ते काम कारागिराचे आहे.

जाकीट खरोखर चामड्याचे आहे की रेक्झीनसारख्या कृत्रिम पदार्थाचे, हेही पाहून घ्यावे. खिशाच्या आत किंवा शिवणीच्या टोकाशी कापलेली कड दिसते. तेथे तंतूंचा दाट गुंता दिसला तर ते चामडे. कापडावर चढवलेला पातळ थर दिसला तर ते कृत्रिम. कृत्रिम थर उष्णतेने मऊ होतो किंवा वितळतो, म्हणून त्याला इस्त्री दाखवूच नये.

सौम्य उपायांचा क्रम

सुरकुती ज्या क्रमाने बसली त्याच क्रमाने ती उठवता येते. तंतूंना थोडा ओलावा द्यावा, त्यांना इष्ट स्थितीत धरावे आणि त्याच स्थितीत सावकाश सुकू द्यावे. ओलावा, आधार आणि अवधी या तीन गोष्टींत सर्व उपाय सामावतात. जुन्या चर्मवस्तू जतन करणारे वस्तुसंग्रहालयांतील तज्ज्ञही याच तत्त्वाने काम करतात. त्यांच्याकडे ओलावा मोजण्याची साधने असतात, एवढाच फरक.

सर्वांत पहिला उपाय टांगून ठेवण्याचा. खिसे रिकामे करावेत, मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, चेन किंवा बटणे लावावीत आणि रुंद खांद्यांच्या लाकडी हँगरवर जाकीट अडकवावे. बाह्यांमध्ये न छापलेल्या कागदाचे सैल बोळे किंवा सुती कापड भरावे. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागण्याचा संभव असतो, म्हणून ते टाळावे. या स्थितीत जाकीट चार-पाच दिवस मोकळ्या हवेत, परंतु उन्हापासून दूर राहू द्यावे. हलक्या घड्या स्वतःच्या वजनाने उतरतात. कित्येक जाकिटांना याहून अधिक काही लागत नाही.

तेवढ्याने भागले नाही तर वाफेचा सौम्य उपयोग करावा. न्हाणीघरात कढत पाण्याची बादली ठेवून दार बंद करावे आणि जाकीट हँगरवर, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा बेताने, पंधरा-वीस मिनिटे टांगावे. येथे वाफेचा झोत चामड्यावर येत नाही; खोलीतील दमट हवाच तंतूंना सैल करते. किटलीच्या तोटीशी जाकीट धरणे किंवा वाफेच्या इस्त्रीचा झोत जवळून सोडणे ही याच्या उलट कृती होय, कारण त्यात पाणी आणि उष्णता एकाच जागी एकवटतात. जाकीट बाहेर आणल्यावर घडीच्या दोन्ही बाजूंस तळहात ठेवून चामडे मधून बाहेरच्या दिशेने हलकेच सरळ करावे. ओढून ताणू नये. नंतर सावलीत, पंख्याच्या दूरच्या वाऱ्यावर ते पूर्ण सुकू द्यावे. एका प्रयत्नात घडी निम्मी उतरली तरी पुष्कळ समजावे आणि दुसऱ्या दिवशी कृती पुन्हा करावी.

पाठीसारख्या सपाट भागासाठी वजनाचाही उपयोग होतो. किंचित दमट झालेला भाग टेबलावर स्वच्छ सुती कापडावर पसरावा, वर दुसरे कापड आणि त्यावर सपाट पुस्तके ठेवून रात्रभर राहू द्यावे. कॉलरचे वळलेले टोकही याच रीतीने बसते. शिवणी, बटणे किंवा चेन वजनाखाली आल्यास त्यांचे ठसे उमटतात, म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवावी.

इस्त्री हा सर्वांत शेवटचा उपाय आहे आणि तोही केवळ गुळगुळीत, लेप असलेल्या चामड्यासाठी. चामडे पूर्ण कोरडे असावे, इस्त्री किमान तापमानावर असावी आणि तिच्यात वाफ नसावी. मध्ये जाड खाकी कागद किंवा कोरडे सुती कापड घालावे. प्रथम आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी प्रयोग करून पाहावा. इस्त्री एका जागी न थांबवता काही क्षणच फिरवावी आणि हात लावून पाहावा. चामडे हाताला कोमट लागावे, गरम लागता कामा नये. घडीची पुसट खूण उरली तर तेथेच थांबणे शहाणपणाचे असते.

स्वेडच्या, म्हणजे घासून मखमलीसारख्या केलेल्या चामड्याच्या, जाकिटावर पाण्याचे डाग पडतात आणि दाबाने त्याची लव बसते. त्याला केवळ टांगून ठेवणे आणि दमट हवा हेच दोन उपाय योग्य होत. सुकल्यावर मऊ ब्रशाने लव उठवावी.

बिघडलेला आकार

सुरकुती हा पृष्ठभागाचा दोष आहे. आकार बिघडणे हा चामड्याच्या ताणाचा प्रश्न आहे. कातड्याचा प्रत्येक भाग सारखा ताणत नाही. पाठीच्या कण्यालगतचे चामडे दाट आणि घट्ट असते. पोटाकडचे विरळ आणि सैल असते. म्हणून जाणता कारागीर पाठ आणि पुढील पाखे यांसाठी घट्ट भाग निवडतो. जेथे ही काळजी घेतलेली नसते, तेथे काही वर्षांच्या वापरानंतर जाकिटाची एक बाजू दुसरीपेक्षा लांब लोंबू लागते.

खांद्यावर उठणारे टेंगूळ तारेच्या बारीक हँगरमुळे येते. जाकिटाचा सारा भार दोन बिंदूंवर पडतो आणि तेथील तंतू ताणले जातात. त्या जागी आतून किंचित दमट केलेले फडके काही मिनिटे धरावे, नंतर गुंडाळलेल्या टॉवेलने खांद्याला मूळ गोलाई द्यावी आणि सुकेपर्यंत तो टॉवेल तसाच राहू द्यावा. ताण अलीकडचा असेल तर टेंगूळ बरेचसे बसते.

पावसात भिजलेल्या जाकिटाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. या वेळी तंतू सर्वांत सैल असतात. जाकीट ज्या स्थितीत सुकेल तोच त्याचा पुढचा आकार ठरतो. पाणी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, जाकीट पिळू नये. रुंद हँगरवर अडकवून दोन्ही बाह्या, दोन्ही पाखे आणि खालची कड हातांनी एकसारखी करून घ्यावी. ऊन, शेगडी, हीटर यांपासून ते दूर ठेवावे. सुकायला दोन दिवस लागले तरी हरकत नसते. हे दोन दिवस काळजी घेतली तर पुढचे अनेक उपाय वाचतात.

कोपराशी आलेला फुगा किंवा ताणलेले खिसे मात्र पूर्णपणे बसत नाहीत. ताणलेले तंतू थोडे मागे येतात, सर्व येत नाहीत. उष्णतेने ते आखडवण्याचा प्रयत्न करणाऱ्यास चामडे लहान झालेले दिसते खरे. परंतु ते कडक आणि ठिसूळ होऊन पुढे तेथेच फाटते. असा फरक शिवण उसवून, चामड्याचे काम जाणणाऱ्या शिंप्याकडून दुरुस्त करून घेणे हाच योग्य मार्ग होय.

तेल आणि साठवण

चामडे कोरडे पडले की घरातले खोबरेल तेल चोळण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तेलाने सुरकुती जात नाही; ते केवळ तंतूंना सरकणे सोपे करते. शिवाय खोबरेल तेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते. ज्या थंडीत जाकीट वापरायचे त्याच थंडीत त्याचा पांढुरका थर वर येण्याचा संभव असतो. ते कालांतराने खवट होते, चामडे काळवंडवते आणि धूळ धरून ठेवते. जवसाचे तेल तर वाळून कडक होते. चामड्यासाठी बनवलेले मलम अगदी थोडे घेऊन, प्रथम न दिसणाऱ्या जागी लावून पाहून, वर्षातून एक-दोनदा फिरवणे पुरेसे असते.

सुरकुती पडूच नये, यासाठी साठवणीचीच रीत बदलणे उत्तम. जाकीट घडी न करता रुंद हँगरवर, सुती पिशवीच्या आवरणात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की चामड्यावर बुरशी वाढते. कोकण, केरळ आणि बंगालमध्ये पावसाळ्यात ही स्थिती नेहमीची असते. म्हणून पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी जाकीट बाहेर काढून वारा द्यावा. बुरशी दिसल्यास घराबाहेर, सावलीत, नाकातोंडाला रुमाल बांधून कोरड्या ब्रशाने ती झाडावी. राजस्थानच्या उन्हाळ्यात भीती असते ती कोरडेपणाची. तेथे पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत जाकीट ठेवू नये. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असल्यास पुरचुंडीत बांधून, चामड्याला स्पर्श होणार नाही अशा ठेवाव्यात. घडी करणे अटळच असेल तर घडीच्या पोटात गुंडाळलेले सुती कापड घालावे, म्हणजे चामडे तीव्र कोनात मोडत नाही, आणि दर दोन महिन्यांनी घडीची जागा बदलावी.

चांगले जाकीट एका माणसाच्या वापरानंतर पुढच्या पिढीच्याही अंगावर चढू शकते. भावाचे भावाला, वडिलांचे मुलाला असे ते घरात फिरते आणि प्रत्येकाच्या कोपरांच्या काही रेघा आपल्यासोबत नेते. या रेघा राहू द्याव्यात. ट्रंकेने पाडलेल्या घड्या तेवढ्या काढाव्यात, आणि त्या काढताना घाई करू नये. ज्या घडीला बसायला दहा महिने लागले, तिला उतरायला आठवडाभराचा अवधी देणे फार नव्हे.